गाडीत झोपता? मग एवढं माहीत असू द्या

ह्यूस्टनचा भाचा गणपतीत लोकमान्य नगरला आला होता. पोहे खाता खाता म्हणाला, "मावशी, आमच्याकडे गाडी म्हणजे घरच." खरं आहे. टेक्सासनं 2007 मध्ये कायदा बदलला; आत माणूस असताना कोणी बळजबरीनं गाडीत घुसला, तर ते घरात घुसल्यासारखंच धरतात. फ्लोरिडात 2005 पासून. "इकडेही तसंच असेल ना?" या त्याच्या प्रश्नावर मात्र मी बशी खाली ठेवली. इंदूरच्या कोर्टात 21 वर्षं वकिली करतेय, याच समजुतीपायी अडकलेली माणसं पाहिलीत.

आपल्याकडे गुन्हे आणि शिक्षांसाठी 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता. तिच्या कलम 329 मध्ये राहतं घर म्हणजे इमारत, तंबू किंवा होडी-जहाज. गाडीचा उल्लेख नाही. म्हणजे तंबूत बिऱ्हाड असेल तर ते घर, ट्रकच्या केबिनमध्ये असेल तर नाही! चोरीच्या कलम 305 मध्ये मात्र घर आणि मालवाहू-प्रवासी गाडी शेजारीशेजारी. दोन्हीकडे 7 वर्षांपर्यंत शिक्षा.

म्हणून 'गाडी माझं घर' हा मुद्दा सोडा, धोका काय होता ते बघा. जीव जाण्याची, गंभीर इजेची, बलात्काराची, पळवून नेण्याची, ॲसिडची खरी भीती असेल, तर बचावात समोरच्याचा जीव गेला तरी कलम 38 तुमच्या बाजूनं, मग तुम्ही माजघरात असा की बायपासवर. जबरी चोरी असेल तर कलम 41. नुसती चोरी असेल तर अडवा, पण जीव घेण्याइतका हक्क नाही. आणि पोलिसांना बोलवायला वेळ होता, तर कलम 37 आडवं येतं.

माझ्या एका अशिलाची गोष्ट. टेम्पो चालवतो. देवास नाक्याजवळ रात्री केबिनमध्ये झोपला होता, अर्धी काच खाली. एकानं हात घालून मोबाइल उचलला. यानं सीटखालची टॉमी (लोखंडी दांडा) काढून त्याच्या मनगटावर हाणली, मोबाइल केबिनमध्येच पडला. इथपर्यंत ठीक. पण हा उतरला, पन्नासेक पावलं मागे धावला आणि पळत्याच्या पाठीत आणखी दोन घातल्या. माल परत मिळाला की मालाच्या बचावाचा हक्क संपतो, कलम 43. पाठीवरचे वळ डॉक्टरांनी लिहून घेतले आणि आरोपी झाला माझा अशील. बचाव होता हे दाखवायची जबाबदारीही त्याच्यावरच आली.

तेव्हा क्रम असा ठेवा. काच वर, लॉक, इंजिन सुरू, हॉर्न दाबून धरा. रस्ता मोकळा असेल तर निघा. समोरच्याच्या अंगावर गाडी घालू नका. 112 लावा, म्हणजे वेळ नोंदला जातो. निघताच येत नसेल आणि तो आत येतोय, तर मारा, तो थांबेपर्यंत. तो वळला की तुमचा हात खाली.

मग स्वतः ठाण्यात जा, समोरच्याच्या आधी. हद्द कुठलीही असो, झिरो एफआयआर होते आणि प्रत फुकट मिळते. फुटलेली काच बदलण्याआधी फोटो काढा, स्वतःचे ओरखडे सरकारी दवाखान्यात दाखवा. डॅशकॅमचं (गाडीतल्या कॅमेऱ्याचं) कार्ड त्याच रात्री काढून ठेवा, तो कॅमेरा जुन्यावर नवं चित्रण चढवतो. आमच्या केसमध्ये नेमकं तेच झालं होतं.