केअर प्लॅन रुग्णाशेजारी बसून लिहावा: सोलापूरच्या नर्सिंग विद्यार्थ्यांसाठी

बी.एस्सी. नर्सिंगचा अभ्यासक्रम चार वर्षांचा असून 2021 च्या नव्या नियमांनंतर तो आठ सेमिस्टरमध्ये विभागला गेला आहे. वर्गातील विषय, अंतर्गत परीक्षा आणि वॉर्डातील पोस्टिंग एकाच वेळी अंगावर येतात आणि या धावपळीत पहिला बळी जातो तो केअर प्लॅनचा, म्हणजे एका रुग्णाची तपासणी, नर्सिंग निदान, उद्दिष्टे आणि करायची शुश्रूषा यांच्या लेखी आराखड्याचा. सीनियरची जुनी फाइल मिळवायची, नाव, वय व बेड नंबर बदलायचा आणि सबमिशन उरकायचे, ही पद्धत सर्रास चालते. तपासणाऱ्या मॅडमना ती पहिल्या पानावरच ओळखू येते; पण गेलेल्या गुणांपेक्षा मोठे नुकसान असे की, त्या फाइलच्या निमित्ताने जे शिकायचे ते शिकायचेच राहून जाते.

पोस्टिंगच्या आदल्या रात्री त्या वॉर्डात हमखास आढळणारे दोन-तीन आजार वाचून ठेवावेत. मेडिकल वॉर्ड असेल तर मधुमेह, उच्च रक्तदाब आणि श्वसनाचे विकार यांची शरीररचना व पॅथॉलॉजी नजरेखालून घालावी. सकाळी ओव्हर, म्हणजे एका पाळीकडून दुसऱ्या पाळीकडे रुग्णांची माहिती सोपवणे, सुरू होण्यापूर्वी हजर राहावे. रात्रपाळीच्या सिस्टर बेडनिहाय जी माहिती देतात, ती केस पेपरवर जशीच्या तशी सापडत नाही. रुग्ण निवडताना दुर्मीळ आजाराच्या मागे लागू नये; साधा आजार असलेला आणि आपल्याशी बोलू शकणारा रुग्ण घ्यावा, स्वतःची ओळख करून द्यावी, त्याची संमती घ्यावी आणि फाइलमध्ये त्याचे पूर्ण नाव लिहू नये.

समजा, आपल्या वाट्याला विड्या वळणाऱ्या एक मावशी आल्या आहेत. त्यांना कित्येक वर्षांपासून मधुमेह आहे आणि उजव्या घोट्याच्या बाहेरच्या बाजूला जखम आहे. केस पेपरवरचे निदान उतरवून घेणे हे पाच मिनिटांचे काम आहे. नर्सचे काम त्यानंतर सुरू होते. जखमेची लांबी-रुंदी सेंटिमीटरमध्ये मोजावी, स्राव व वास यांची नोंद घ्यावी, पावलावरची नाडी लागते का ते पाहावे आणि दोन्ही पायांचे तापमान हाताने पडताळावे. मग मावशींना दिवस कसा जातो ते विचारावे. सूप मांडीवर घेऊन तासन्‌तास एकाच बैठकीत बसण्याची सवय असेल, तर घोट्याचा तोच भाग जमिनीवर दाबला जातो आणि संवेदना कमी झाल्यामुळे तो दाब त्यांना जाणवतही नाही. ही गोष्ट जुन्या फाइलमध्ये मिळणार नाही. नर्सिंग निदानात ‘मधुमेह’ असे लिहिणे चूक आहे, कारण ते वैद्यकीय निदान झाले. ‘सततचा दाब व कमी झालेली संवेदना यांमुळे त्वचेची अखंडता बाधित’ असे कारणासह लिहिले, की काय करायचे ते आपोआप पुढे येते: बैठक बदलणे, घोट्याखाली जाड घडी ठेवणे, रोज पाय तपासायला शिकवणे. उद्दिष्ट मोजता येईल असे असावे. ‘जखम बरी होईल’ यापेक्षा ‘तीन दिवसांत स्राव कमी होईल आणि रुग्ण स्वतः पाय तपासून दाखवेल’ हे मूल्यमापनाला उपयोगी पडते.

आहाराचा तक्ताही असाच घरच्या ताटावरून करावा. ओट्स आणि ब्राउन ब्रेड पुस्तकात शोभतात. मावशींच्या घरी ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगा चटणी असते. भाकरी बंद करण्याची गरज नसते, किती खायची ते ठरवावे लागते. रक्तदाबही असेल तर चटणीतल्या मिठाविषयी स्पष्ट बोलावे लागते.

सोलापुरात ही माहिती नेहमी मराठीतच मिळेल असे नाही. पूर्व भागातल्या अनेक घरांत तेलुगू बोलली जाते, अक्कलकोटकडून आणि सीमेपलीकडून येणारे रुग्ण कन्नड बोलतात, आणि उर्दू-हिंदी तर जागोजागी ऐकू येते. ‘एक्कड नोप्पी?’ किंवा ‘एल्लि नोवु?’ एवढे विचारता आले, तरी कुठे दुखते हे रुग्ण बोटाने दाखवतो. आजाराच्या बाकी इतिहासासाठी नातेवाइकांची मदत घ्यावी. मात्र पाळी, गर्भधारणा किंवा व्यसन यांविषयीचे प्रश्न शेजारच्या बेडच्या नातेवाइकामार्फत कधीही विचारू नयेत.

औषधांच्या बाबतीत माझा आग्रह कडक आहे, आणि इन्सुलिनच्या बाबतीत सर्वांत कडक. आपल्याकडे 40 युनिट प्रति मि.लि. आणि 100 युनिट प्रति मि.लि. अशा दोन्ही शक्तींचे इन्सुलिन मिळते. 40 च्या सिरिंजला लाल टोपण असते, 100 च्या सिरिंजला नारिंगी. 100 शक्तीचे इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये 20 च्या खुणेपर्यंत भरले, तर ते अर्धा मि.लि., म्हणजे 20 ऐवजी 50 युनिट होते, आणि रुग्णाची साखर जीवघेणी खाली जाऊ शकते. म्हणून कुपीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा मोठ्याने वाचून जुळवावा आणि सिस्टर किंवा मॅडम शेजारी असल्याशिवाय इंजेक्शन देऊ नये. सलाईनच्या थेंबांचा हिशेबही कागदावर मांडावा: 500 मि.लि. सलाईन चार तासांत द्यायचे असेल आणि सेट 20 थेंबांना एक मि.लि. देणारा असेल, तर 500 गुणिले 20 भागिले 240 मिनिटे, म्हणजे मिनिटाला सुमारे 42 थेंब. घड्याळ हातात धरून ते मोजून पाहावेत.

प्रत्येक प्रोसिजर आधी पाहावी, मग मदत करावी, मग देखरेखीखाली स्वतः करावी आणि लॉगबुकवर (केलेल्या प्रोसिजरच्या नोंदवहीवर) त्याच दिवशी सही घ्यावी. महिन्याच्या शेवटी सह्यांसाठी धावणे कोणालाच परवडत नाही. परीक्षेला बसण्यासाठी थिअरी व प्रॅक्टिकलमध्ये 80 टक्के हजेरी लागते, पण पदवी मिळण्यापूर्वी प्रत्येक क्लिनिकल विभागातील हजेरी 100 टक्के भरून द्यावी लागते, त्यामुळे चुकलेली पोस्टिंग लगेच भरून काढावी.

काम संपताना सुई पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात आणि सलाईनचा सेट लाल पिशवीत जातो. वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण लावू नये. तरीही सुई टोचलीच, तर बोट पिळू नये. साबण-पाण्याने धुवावे आणि रागावतील या भीतीने गप्प न बसता इन्चार्ज सिस्टरना त्याच क्षणी सांगावे. एचआयव्हीचा धोका असल्यास प्रतिबंधक औषध शक्यतो दोन तासांच्या आत सुरू व्हावे लागते आणि 72 तासांनंतर ते सुरू करण्याचा उपयोग राहत नाही.