टेबलावरचा पेशंट जागा असतो

ऑपरेशन थिएटरमधून माझी कॅथलॅबमध्ये, म्हणजे शिरेतून हृदयापर्यंत नळी घालून तपासणी आणि उपचार करतात त्या खोलीत, बदली झाली तेव्हा निम्मं काम आपल्याला येतंच, असं वाटलं होतं. स्टराइल ट्रॉली लावणं, सामान मोजणं, औषधं भरणं, हे सगळं हाताला सवयीचं होतं. पहिल्याच केसला जाणवलं की इथे पेशंट जागा असतो. आपण काय बोलतो ते तो ऐकतो. कोण कपाटाकडे पळालं ते बघतो. डॉक्टर बोलता बोलता गप्प झाले की त्याच्या छातीत धस्स होतं. आणि खोलीतले बाकीचे सगळे त्या वेळी एक्स-रेच्या पडद्याकडे बघत असतात.

ही सगळी उपचारपद्धत जागत्या माणसावरच सुरू झाली आहे. १९२९ साली फोर्समान या जर्मन डॉक्टरने स्वतःच्याच हाताच्या शिरेतून हृदयापर्यंत नळी घातली आणि तशीच घेऊन तो एक्स-रे काढायला चालत गेला. १९७७ च्या सप्टेंबरमध्ये झुरिचला डॉ. ग्रुंट्झिगने पहिल्यांदा कोरोनरीत, म्हणजे हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमनीत, बलून फुगवला, तेव्हा टेबलावरचा ३८ वर्षांचा पेशंट शुद्धीत होता. आजही अँजिओग्राफी (शिरांचं चित्र काढणं) आणि प्लास्टी (अडलेली शीर फुग्याने उघडणं) बहुतेक वेळा टोचायची जागा तेवढी सुन्न करून होते. म्हणून नवीन येणाऱ्या नर्स आणि टेक्निशियन मुलामुलींना मी पहिल्या आठवड्यात एकच काम देते. पडदा दिसेल तेव्हा बघा, पण पेशंटचा चेहरा आणि मॉनिटरवरची प्रेशरची (रक्तदाबाची) रेघ यांवरून नजर हलवू नका.

केस आत घेण्याआधीचे प्रश्न सगळीकडे छापलेले असतात : नाव, संमतीपत्र, हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन (किडनीची तपासणी), ॲलर्जी, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या. ते वाचून खुणा करू नका, विचारा. डायची (एक्स-रेत शिरा दिसाव्यात म्हणून सोडतात त्या द्रवाची) ॲलर्जी आणि मासे-कोळंबीची ॲलर्जी यांचा काही संबंध नाही, तेव्हा त्या एका उत्तरावर केस अडवू नका. पूर्वी डाय दिल्यावर अंगावर गांधी उठल्या होत्या का, श्वास लागला होता का, हे मात्र खोदून विचारा. बायपास झालेली असेल तर जुना कागद मिळवा. कुठला ग्राफ्ट (बायपासमध्ये जोडलेली शीर) कुठे लावलाय हे माहीत नसलं की शोधण्यातच डाय आणि वेळ जातो, आणि किडनी आधीच कमकुवत असेल तर डायचा एकेक मिली मोजावा लागतो. सिल्डेनाफिलसारखी लैंगिक ताकदीची गोळी घेतली आहे का, हे नातेवाईक बाहेर गेल्यावर हळूच विचारा. त्यांच्यासमोर विचारलं तर खरं उत्तर येत नाही, आणि ती गोळी पोटात असताना शिरा रुंदावणारं नायट्रोग्लिसरीन दिलं तर बीपी कोसळतं. उजव्या रेडियलने (मनगटातल्या धमनीने) जायचं असेल तर सलाईनची सुई डाव्या हाताला. आणि पेशंटला लघवीला पाठवून मगच आत घ्या. भरलेल्या मूत्राशयाने पेशंट चुळबुळत राहतो आणि बीपी का चढतंय ते कोणालाच कळत नाही.

टेबलावर घेतल्यावर मी त्यांना तीन गोष्टी सांगते. हात हलवायचा नाही. डाय गेल्यावर क्षणभर अंगातून गरम लाट गेल्यासारखं वाटेल. आणि मी "खोका" म्हटलं की विचार न करता जोरात खोकायचं. हे तिसरं मी त्यांच्याकडून आधी एकदा करवून घेते.

त्यामागे कारण आहे. एका काकांच्या उजव्या कोरोनरीत डाय सोडल्यावर मॉनिटरवरचा ठोक्यांचा आकडा ७२ वरून थेट ३४ वर आला. प्रेशरची रेघ खाली सपाट व्हायला लागली. मी त्यांच्या कानाशी वाकून म्हटलं, "काका, खोका. जोरात. पुन्हा." प्रत्येक खोकल्याबरोबर प्रेशरची एक उंच लाट उठली. चार-पाच खोकल्यांत डाय पुढे वाहून गेला आणि ठोके पूर्ववत झाले. ठोके वाढवणारं ॲट्रोपिन भरलेलं होतं, ते लागलंच नाही. पेशंट शुद्धीत आहे तोवर खोकला हे तुमच्या हातातलं सर्वांत जलद औषध आहे.

बलून फुगवताना छातीत दुखणं अपेक्षित असतं, कारण तेवढा वेळ रक्त अडवलेलं असतं. पण पेशंटला वाटतं की अटॅकच आला. म्हणून आधी सांगा : "मावशी, आता थोडं दुखेल, फुगा सोडला की कमी होईल." मग फुगा सोडल्यावर परत विचारा. कमी झालं नाही तर लगेच मोठ्याने सांगा. बाजूची फांदी बंद झाली असेल, शिरेला आतून चीर गेली असेल, प्रवाह मंदावला असेल. हे कधीकधी पडद्यावर दिसण्याआधी पेशंट बोलून दाखवतो.

प्रेशरच्या रेघेबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण नवीन लोक इथेच गप्प बसतात. ट्रान्सड्यूसर (दाब मोजणारं उपकरण) छातीच्या मध्यपातळीवर ठेवून झीरो केलेला हवा, टेबल वर-खाली केलं की पुन्हा. मॅनिफोल्ड (नळ्या जोडायच्या तोट्यांची पट्टी) आणि नळ्या बोटांनी टिचक्या मारून फ्लश करा. एकही बुडबुडा राहता कामा नये. तो बुडबुडा रेघ बिघडवतो आणि कोरोनरीत गेला तर रक्ताची वाटच अडवतो. कॅथेटर (आत घातलेली नळी) लेफ्ट मेनमध्ये, म्हणजे डाव्या मुख्य कोरोनरीत, फार आत गेलं किंवा टोक भिंतीला टेकलं की रेघेची उंची एकदम कमी होते, टोकं बोथट होतात. यालाच आम्ही प्रेशर डॅम्प झालं म्हणतो. अशा वेळी जोरात डाय सोडला तर शीर फाटू शकते, व्हीएफ (ठोका न पडता हृदय नुसतं थरथरणं) होऊ शकतं. "सर, प्रेशर डॅम्प झालंय" हे चार शब्द स्पष्ट ऐकू जातील असे म्हणायचे. सरांनी आधीच पाहिलं असेल तर काही बिघडत नाही. समोरची व्यक्ती कितीही ज्येष्ठ असली तरी हे बोलायची मुभा तुम्हाला आहेच.

अटॅकचा पेशंट रात्री दोनला येतो तेव्हा दारात आल्यापासून ९० मिनिटांत शीर उघडायचं लक्ष्य असतं. धावपळीत डिफिब्रिलेटरचे (हृदयाला शॉक देणाऱ्या यंत्राचे) पॅड लावायचे राहतात. ड्रेप (निर्जंतुक चादर) टाकण्याआधी ते चिकटवा, नंतर ड्रेपखाली हात घालून लावणं फार अवघड जातं. बंद शीर उघडते त्या क्षणी ठोके बिघडतात, बीपी पडतं. त्या मिनिटाला ट्रॉलीपासून दूर जाऊ नका.

रेडिएशनबद्दल थोडक्यात. तुमच्यापर्यंत पोचणारे बहुतेक किरण पेशंटच्या अंगावरून विखुरलेले असतात. अंतर दुप्पट केलं तर डोस चौथ्या हिश्श्यावर येतो. सिने (एक्स-रेचं सलग चित्रण) सुरू झाला आणि तुमची गरज नसेल तर दोन पावलं मागे व्हा. लेड ॲप्रन घडी करून ठेवू नका, आतून तडे जातात. थायरॉइड कॉलर आणि डोस मोजणारा बॅज रोज लावा, बॅज घरी विसरला म्हणून तसंच आत जाऊ नका.

आता माझ्याकडून झालेली चूक. तेव्हा मला दीड वर्ष झालं होतं. रेडियल जमली नाही म्हणून एका मावशींची प्लास्टी मांडीतून केली होती. रिकव्हरीत त्या म्हणाल्या, "बाळा, पाठ फार दुखतेय गं." कडक टेबलावर तासभर झोपल्यामुळे असेल, असं धरून मी त्यांची स्थिती थोडी बदलली. जांघ मऊ होती, ड्रेसिंग कोरडं होतं, म्हणून मी निर्धास्त होते. पंधरा मिनिटांत त्या अस्वस्थ झाल्या, जांभया द्यायला लागल्या. नाडी ११८, बीपी ८२. आमच्या मोठ्या सिस्टर आल्या, नाडीवर बोटं ठेवली आणि म्हणाल्या, "आत रक्तस्राव होतोय." एका हाताने जांघेवर दाब, दुसऱ्याने सलाईन पूर्ण सोडलेलं, तोंडाने डॉक्टरांना आणि रक्तपेढीला फोन लावायच्या सूचना. टोचलेली जागा हवी त्यापेक्षा वर गेली होती, आणि रक्त बाहेर न येता पोटाच्या मागच्या बाजूला साठत होतं. मावशी वाचल्या, आठव्या दिवशी घरी गेल्या. पण ती पंधरा मिनिटं मी घालवली होती.

तेव्हापासून मांडीतून केस झालेल्या पेशंटने पाठ, कंबर किंवा खालचं पोट दुखतंय म्हटलं की मी आधी नाडी आणि बीपी घेते. बीपी पडलं, ठोके मंदावले, घाम फुटला, मळमळ झाली, तर बहुधा व्हेगल (दुखण्याने किंवा भीतीने मज्जातंतूमार्फत ठोके मंदावणं) असतं. बीपी पडलं आणि ठोके वाढले तर दुसरं काही सिद्ध होईपर्यंत रक्तस्रावच समजा. यात एक खोच आहे : यांतले बरेच पेशंट बीटा ब्लॉकरवर (ठोके मंद ठेवणाऱ्या गोळ्यांवर) असतात आणि रक्त गेलं तरी त्यांची नाडी फारशी वाढत नाही. म्हणून पेशंटचा शब्द नाडीइतकाच मोलाचा धरा.

शीथ (धमनीत ठेवलेली आखूड नळी) काढताना एसीटी (रक्त गोठायला लागणारा वेळ) १८० सेकंदांच्या खाली आला आहे ना ते बघा, ॲट्रोपिन भरून ठेवा, आणि दाब कातडीवरच्या छिद्राच्या जरा वर द्या, कारण धमनीतलं छिद्र तिथे असतं. पंधरा ते वीस मिनिटं, घड्याळ बघून. मधेच डोकावून बघायचा मोह आवरा. रेडियलच्या बँडमध्ये (मनगटावर दाब देणाऱ्या पट्ट्यात) गच्च हवा भरून सोडून देऊ नका. हवा हळूहळू काढत रक्ताचा थेंब दिसला की एक-दोन मिली परत भरा. रक्त थांबलं पाहिजे आणि धमनी वाहतीही राहिली पाहिजे, नाहीतर पुढच्या वेळी तो रस्ता मिळत नाही.

डिस्चार्जच्या वेळी मी गोळ्यांची नुसती यादी वाचत नाही. स्टेंट (शीर उघडी ठेवणारी जाळी) बसवलेल्या माणसाने ॲस्पिरिन आणि तिच्या जोडीची गोळी मनाने बंद केली तर स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते. परवाच एका आजोबांना सगळं समजावून सांगितलं, त्यांनी मान डोलावली. मग विचारलं, "आजोबा, दात काढायचाय म्हणून कोणी गोळी बंद करायला सांगितली तर काय कराल?" ते म्हणाले, "करीन की बंद." पुन्हा समजावलं, पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा उत्तर आलं, "आधी इथे फोन करीन." मग त्यांच्या कार्डाच्या मागे मोठ्या अक्षरांत दोन नंबर लिहून दिले, एक दिवसाचा आणि एक रात्रीचा.