आयडीईतून एम्बेडेड टॉमकॅट चालवताना

सर्व्हलेट (वेबवरच्या विनंतीला उत्तर देणारा जावा क्लास) आयडीईतून, म्हणजे इंटेलिजेसारख्या कोड लिहिण्याच्या साधनातून तपासायला टॉमकॅट हा सर्व्हलेट चालवणारा सर्व्हर वेगळा बसवून दर वेळी वॉर फाइल (अ‍ॅपचे पॅकेज) बनवत बसायची गरज नाही. टॉमकॅट-एम्बेड-कोअर हा जार (जावा लायब्ररीची फाइल) मेवन या बिल्ड टूलमध्ये डिपेंडन्सी म्हणून जोडला की सर्व्हर तुमच्याच मेन मेथडमधून सुरू होतो आणि ब्रेकपॉइंटही लगेच लागतात.

टॉमकॅटची आवृत्ती कोड बघून ठरवा. इम्पोर्टमध्ये जावाएक्स.सर्व्हलेट असेल तर ९.०. जकार्ता.सर्व्हलेट असेल तर १०.१ (किमान जावा ११) किंवा ११ (किमान जावा १७). सर्व्हलेट एपीआय या जारमध्येच असतो, म्हणून जुनी सर्व्हलेट-एपीआय डिपेंडन्सी काढून टाका. ती राहिली तर जावाएक्सचा कोड १०.१ सोबतही बिनतक्रार कम्पाइल होतो, पण टॉमकॅट त्यातले @वेबसर्व्हलेट हे अ‍ॅनोटेशन (सर्व्हलेटचा पत्ता सांगणारी खूण) ओळखत नाही आणि ब्राउझरमध्ये फक्त ४०४ दिसतो.

मेन मेथडमध्ये टॉमकॅट ऑब्जेक्ट बनवून सगळ्यात आधी सेटबेसडिर() द्या. टार्गेटखालचे एखादे फोल्डर चांगले, नाहीतर प्रोजेक्टमध्ये टॉमकॅट.८०८० नावाचे फोल्डर तयार होते. मग सेटपोर्ट(८०८०) आणि त्यानंतर गेटकनेक्टर(). ही ओळ निरुपयोगी वाटते, पण ९.० पासून कनेक्टर (पोर्टवर विनंत्या ऐकणारा भाग) आपोआप तयार होत नाही. ती गाळली तर सर्व्हर एररशिवाय सुरू होतो, पण पोर्ट उघडतच नाही. पुढे अ‍ॅडवेबअ‍ॅप(), स्टार्ट() आणि शेवटी गेटसर्व्हर().अवेट(). अवेट नसेल तर मेन संपताच प्रोग्रॅमही बंद पडतो.

अ‍ॅडवेबअ‍ॅपला कॉन्टेक्स्ट पाथ (अ‍ॅपच्या पत्त्याची सुरुवात) म्हणून रिकामी स्ट्रिंग द्या आणि एसआरसी/मेन/वेबअ‍ॅप या फोल्डरचा पूर्ण पाथ द्या. न्यू फाइल(...).गेटअ‍ॅब्सोल्यूटपाथ() वापरलेत तरी तो वर्किंग डिरेक्टरीपासून मोजला जातो. इंटेलिजेमध्ये अनेक मॉड्यूल असतील तर ती बहुधा मूळ प्रोजेक्टची असते, मॉड्यूलची नाही. रन कॉन्फिगरेशनमध्ये ती बदला.

एवढे करूनही @वेबसर्व्हलेट सापडत नाही, हा सर्वांत जास्त वेळ खाणारा प्रश्न. आयडीई क्लास फाइल टार्गेट/क्लासेसमध्ये ठेवते, टॉमकॅट मात्र अ‍ॅपचे क्लास वेब-इन्फ/क्लासेसमध्ये शोधतो. दोन्ही जोडायला स्टँडर्डरूट (अ‍ॅपच्या फाइल कुठे आहेत ते सांगणारा ऑब्जेक्ट) बनवा, त्यात अ‍ॅडप्रीरिसोर्सेस() ने एक डिररिसोर्ससेट घाला (माउंट: /वेब-इन्फ/क्लासेस, फोल्डर: टार्गेट/क्लासेसचा पूर्ण पाथ, शेवटी "/") आणि हा रूट स्टार्टच्या आधी कॉन्टेक्स्टला (अ‍ॅडवेबअ‍ॅपने परत दिलेल्या ऑब्जेक्टला) सेटरिसोर्सेस() ने द्या. जेएसपी (जावा कोड असलेली एचटीएमएल पाने) असतील तर टॉमकॅट-एम्बेड-जास्पर त्याच आवृत्तीचा घ्या.

डिपेंडन्सीचा स्कोप प्रोव्हाइडेड ठेवला असेल तर इंटेलिजे रन करताना तो जार क्लासपाथवर घेत नाही आणि नोक्लासडेफफाउंडएरर येतो. स्कोप कम्पाइल करा, किंवा रन कॉन्फिगरेशनमध्ये प्रोव्हाइडेड डिपेंडन्सी क्लासपाथवर घेण्याचा पर्याय निवडा.

बाइंडएक्सेप्शन (पोर्ट आधीच वापरात असल्याचा एरर) आले तर बहुधा आधीचा रन अजून चालू असतो. कन्सोलमधल्या लाल चौकोनाने तो थांबवा. ऑटोमेटेड टेस्टमध्ये पोर्ट ० द्या आणि स्टार्टनंतर मिळालेला पोर्ट गेटलोकलपोर्ट() ने घ्या. डीबग मोडमध्ये मेथडच्या आतले बदल चालू सर्व्हरवर लागू होतात. नवी मेथड किंवा फील्ड जोडलेत तर रीस्टार्ट करावेच लागते.