कालांकच्या कड्यांवर या चुका टाळा

दक्षिण फ्रान्समध्ये मार्से आणि कासी या गावांच्या मधला किनारा म्हणजे कालांक: चुनखडीचे पांढरेशुभ्र कडे आणि त्यांच्या घळींत शिरलेला समुद्र. राजगड-तोरणा करून पाय तयार झालेले आपले लोक इथे हमखास फसतात, कारण सह्याद्रीतल्या सवयी इथे उलट्या पडतात.

गडावर टाकं असतं. इथे चुनखडीत पाणी मुरून जातं, वाटेत झराही लागत नाही. उन्हाळ्यात माणशी दोन-तीन लिटर पाठीवर हवंच.

आपला कातळ पावसात निसरडा. इथला खडक हजारो पायांनी घासून इतका गुळगुळीत झालाय की कोरडा असतानाही फरशीसारखा सटकतो. आं-व्हो या घळीच्या उतारावर शेवटचा टप्पा मी चक्क बसून उतरलो. कॅमेरा गळ्यात लोंबकळत होता आणि प्रत्येक पायरीला खडकावर आपटत होता. तो सॅकमध्येच ठेवा.

आपल्याकडे पावसात वाटा बंद होतात, इथे कोरड्या वाऱ्यात. वणव्याच्या भीतीने १ जून ते ३० सप्टेंबर प्रवेशावर नियंत्रण असतं. उद्या वाट उघडी आहे का, ते आदल्या संध्याकाळी कळतं. स्युजितों या घळीला तर २०२२ पासून उन्हाळ्यात आगाऊ नोंदणी लागते, दिवसाला ४०० जणांचीच.

आता फोटो. माझा पहिला दिवस पूर्ण वाया गेला: सगळे कडे सिमेंटच्या भिंतीसारखे करडे! काळ्या कातळावर कॅमेरा फोटो जास्त उजळतो, म्हणून एक्स्पोजर (फोटोत किती उजेड घ्यायचा ते) उणे ठेवायची बोटांना सवय. पांढऱ्या खडकावर कॅमेरा आपणहून फोटो काळवंडतो, त्यात माझं उणे. इथे अर्धा-पाऊण स्टॉप (एक्स्पोजरचं माप) अधिक द्या, हिस्टोग्राम (कॅमेऱ्यातला उजेडाचा आलेख) उजव्या कडेला आपटत नाही एवढं बघा.

पहाटेचा हट्टही सोडा. सूर्य कलता असताना अरुंद घळीत एक कडा सावलीत, दुसरा भगभगीत आणि पाणी काळपट दिसतं. त्या पाण्याचा हिरवा-निळा रंग ऊन थेट तळाशी पोचलं की मगच उमटतो, म्हणजे ऐन दुपारी. पोलरायझर (चकाकी कापणारा फिल्टर) लावा, पण वाइड लेन्सवर पूर्ण फिरवू नका. आभाळात गडद पट्टा येतो.

मिस्त्राल, म्हणजे इथला जोरदार कोरडा वारा, सुटला की हवा काचेसारखी स्वच्छ होते आणि ट्रायपॉड थरथरतो. पाय आखूड ठेवून मधल्या हुकला सॅक अडकवा, पण ती जमिनीला टेकलेली असू द्या. अधांतरी लटकवली तर वाऱ्यात तीच झोके घेते.