रिकाम्या प्लॉटवर बाग करताय? फिलाडेल्फियातल्या या चुका टाळा

एप्रिलमधल्या एका शनिवारी वस्तीतली वीस-तीस माणसं जमतात, दुपारपर्यंत ट्रकभर कचरा निघतो, फोटो काढले जातात. जुलैत त्याच प्लॉटवर कमरेइतकं तण माजलेलं असतं आणि कोपऱ्यात टायर पडलेले असतात. अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहराच्या उत्तर भागात हे वर्षानुवर्षं चालू आहे. माणसं आळशी नाहीत. पैसा आणि मेहनत पहिल्याच दिवशी संपवून टाकतात, म्हणून असं होतं.

सफाई झाली म्हणजे काम झालं असं समजणं

ही सगळ्यात महाग चूक. या शहरातल्या 541 रिकाम्या प्लॉटांवर झालेल्या प्रयोगाचे निष्कर्ष 2018 मध्ये प्रसिद्ध झाले. काही प्लॉटांवर पूर्ण काम झालं: राडारोडा उचलला, जमीन सपाट केली, गवत आणि मोजकी झाडं लावली, बुटकं लाकडी कुंपण घातलं आणि पुढे नियमित देखभाल ठेवली. काहींवर फक्त कचरा उचलला आणि गवत कापलं, तर काही तसेच सोडले. पूर्ण काम झालेल्या प्लॉटांजवळच्या रहिवाशांमध्ये उदास वाटण्याचं प्रमाण 41.5 टक्क्यांनी घटलं. नुसत्या सफाईच्या गटात मानसिक आरोग्यात तसा ठळक फरक दिसला नाही.

त्या प्रयोगात एका प्लॉटचा सुरुवातीचा खर्च साधारण 1,600 डॉलर होता आणि देखभालीचा वर्षाला 180. आज भाव वाढलेत, शिवाय एकट्यादुकट्या प्लॉटला घाऊक दर मिळत नाही. तरी प्रमाण लक्षात ठेवा. वर्गणी गोळा झाली की आधी तीन वर्षांच्या गवतकापणीचे पैसे वेगळे काढायचे, मगच कुंपणाची ऑर्डर द्यायची. पैसे पुरत नसतील तर झाडं कमी लावा, देखभालीला हात लावू नका. एप्रिल ते ऑक्टोबर महिन्यातून दोनदा कापणी लागतेच. गवत 10 इंचांपुढे गेलं की शहराचा नियम मोडतो, आणि वाढलेलं गवत दिसलं की कचरा टाकणाऱ्याला जागा बेवारस वाटते.

कुंपण

कुलूपबंद उंच जाळी नको. वाऱ्याने आत गेलेला कचरा तिथेच अडकतो आणि शेजाऱ्याला उचलायचा असला तरी आत जाता येत नाही. आडव्या दांड्यांचं बुटकं लाकडी कुंपण घाला आणि माणूस जाईल एवढी वाट ठेवा. पिकअप ट्रक आत घुसता कामा नये, कारण टायर आणि बांधकामाचा राडारोडा त्यातूनच येतो.

कागद न बघता खणायला घेणं

हे प्लॉट बहुधा पाडलेल्या घरांच्या जागा असतात, आणि इथल्या एकमेकांना चिकटून रांगेत बांधलेल्या घरांची रुंदी साधारण 14 ते 16 फूट असते. म्हणजे डोळ्यांना एकच दिसणारी 70-80 फुटी मोकळी जागा कागदावर पाच वेगवेगळे प्लॉट असते: एक शहराचा, एक मृत मालकाच्या नावावर, एक दूरच्या गुंतवणूकदाराचा. नवखे मधल्या प्लॉटचा पत्ता तपासतात आणि निर्धास्त होतात.

1997 साली शहराने हजारो मालमत्तांवरच्या करथकबाकीचे बोजे खासगी गुंतवणूकदारांना विकले. त्यातल्या अनेक जागांवर वस्तीने बागा फुलवल्या. पुढे बोजा वसूल करायला ते प्लॉट शेरीफच्या, म्हणजे जप्तीची कारवाई करणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याच्या, लिलावात काढले जाऊ लागले. लिलावात जमीन बघतात, तिच्यावर कोणी किती वर्षं भाज्या पिकवल्या हे बघत नाहीत. आसपास घरांचे भाव चढू लागले की धोका वाढतो, आणि भाव चढायला त्या बागेचाही हातभार लागलेला असतो. हा अन्याय आहे, पण जागरूक राहिलं तर वेळेत हालचाल करता येते.

आपण सातबारा बघतो तसं इथे पत्ता टाकून शहराच्या मालमत्ता नोंदीत मालक आणि महसूल खात्यात थकबाकी बघता येते. प्रत्येक प्लॉटची वेगळी नोंद काढा आणि दर सहा महिन्यांनी पुन्हा बघा. प्लॉट शहराचा असेल तर लेखी परवानगी घ्या. खासगी असेल तर मालकाचा शोध चालू ठेवा आणि लिलावाची नोटीस यायच्या आधीच वकील गाठा. बागांना मोफत कायदेशीर मदत देणारा पब्लिक इंटरेस्ट लॉ सेंटरचा उपक्रम आहे, आणि जागा कायमची राखायला नेबरहूड गार्डन्स ट्रस्ट आहे. “आधी लावू, कागद नंतर बघू” म्हणणाऱ्याला खजिनदार करू नका.

माती

घर पाडताना विटा, प्लास्टर आणि जुना रंग बहुधा तळघराच्या खड्ड्यातच गाडतात. 1978 पूर्वीच्या घरगुती रंगात शिसं असायचं. प्रयोगशाळेची नेहमीची सुपीकतेची चाचणी शिसं दाखवत नाही, ती वेगळी मागावी लागते. वरच्या सहा इंचांतून दहा-पंधरा ठिकाणची माती एकत्र करून एक नमुना द्या आणि भिंतीलगतची माती स्वतंत्र द्या, कारण खरवडलेला रंग तिथेच पडतो. शिसं निघालं किंवा शंका असली तर खाली जिओटेक्स्टाइल (पाणी झिरपू देणारं, पण माती अडवणारं कापड) अंथरा, त्यावर किमान 12 इंच आणलेली स्वच्छ माती भरून वाफे करा. रेल्वेचे जुने स्लीपर वाफ्याला लावू नका, त्यांत क्रिओसोट हे लाकूड टिकवायला वापरलेलं विषारी रसायन असतं.

जमीन सपाट करताना शेजारच्या घराची उघडी पडलेली भिंत विसरतात. ती कधीकाळी आतली भिंत होती, पावसासाठी बांधलेलीच नव्हती. उतार घराकडे गेला की पाणी शेजाऱ्याच्या तळघरात उतरतं, आणि ज्याने कापणीला मदत केली असती तोच तक्रार घेऊन येतो. भिंतीपासून पहिल्या 10 फुटांत 6 इंच उतार बाहेरच्या बाजूला द्या.

बाकीच्या चुका

खणण्याआधी किमान तीन कामकाजी दिवस 811 या फोन नंबरवर कळवा (जमिनीखालच्या लाइन कुठे आहेत ते तिथून कळतं), गॅसची लाइन खाली असू शकते. गवत सप्टेंबरमध्ये पेरा, जूनमध्ये पेरलेलं उन्हात जातं. ऐलँथस हे मोकळ्या जागी आपोआप माजणारं झाड नुसतं कापलं तर मुळांतून दहा फुटवे येतात. नव्या झाडाला पहिले दोन उन्हाळे आठवड्याला 60 ते 75 लिटर पाणी द्यायला कोण, ते नावानिशी ठरवा. मल्च (झाडाभोवती पसरलेलं लाकडाच्या ढलप्यांचं आच्छादन) बुंध्याला टेकवू नका. रस्त्यावरच्या हायड्रंटचं (आग विझवायच्या नळाचं) पाणी परवान्याशिवाय घेऊ नका.

कापणीचं काम बाहेरच्या स्वस्त ठेकेदाराला देऊ नका. पेनसिल्व्हेनिया हॉर्टिकल्चरल सोसायटीच्या लँडकेअर या रिकाम्या प्लॉटांच्या देखभालीच्या कार्यक्रमात हे काम वस्तीतल्या गटांना मिळतं आणि त्याचे पैसेही त्यांना मिळतात, तोच नमुना घ्या. कापणाऱ्या मुलाचं घर त्याच गल्लीत असलं की बुधवारी पडलेला टायर गुरुवारी उचलला जातो. त्याचे पैसे दर महिन्याला, ठरल्या तारखेला द्या.