खदानीच्या जुन्या कॉलनीची नोंद कशी करावी

उमरेड, सावनेर, सिल्लेवाडा, पाटणसावंगी या नागपूर जिल्ह्यातल्या भागात वेकोलिच्या, म्हणजे वेस्टर्न कोलफिल्ड्स लिमिटेड या सरकारी कोळसा कंपनीच्या, कॉलन्या आहेत. क्वार्टर रिकामे झाले की आधी दारं-खिडक्या जातात, मग छप्पर. म्हणून चौकटी जागेवर असतानाच मोजमाप घ्या. चौकट निघाल्यावर मूळ दार कोणतं आणि नंतर फोडलेलं कोणतं, हे ओळखणं फार अवघड जातं.

सुरुवात परवानगीपासून. वेकोलिच्या एरिया ऑफिसला लेखी अर्ज द्या आणि सोबत कुठे-कुठे जाणार त्याचा नकाशा जोडा. कॉलनीची परवानगी खदानीच्या आवारात चालत नाही. तिथली वेगळी मागा. स्फोटकांच्या मॅगझिनचे (कोठाराचे) फोटो काढू नका.

इमारत कोणत्या काळातली, हे ठरवायला चार तारखा हाताशी ठेवा. 1956 मध्ये राष्ट्रीय कोळसा विकास महामंडळ स्थापन झालं. जानेवारी 1973 मध्ये सरकारने खासगी खदानींचा कारभार हाती घेतला, 1 मे 1973 ला त्यांचं राष्ट्रीयीकरण झालं आणि 1975 मध्ये वेकोलि आली. दारावरची पाटी शेवटच्या मालकाची असते, बांधणाऱ्याची नव्हे. पाटीवरून वर्ष लिहिलं की पुढची सगळी नोंद चुकते. त्यापेक्षा छप्पर पाहा. पडलेलं मंगळुरी कौल उलटं करा, पोटावर कारखान्याचं नाव उमटलेलं असतं. लोखंडी गर्डरवरचा ठसाही टिपा. पण गर्डर दुसरीकडून काढून आणून बसवलेला असू शकतो. त्यामुळे ‘बांधकाम गर्डर तयार होण्याआधीचं नाही’ एवढंच त्यावरून म्हणता येतं, आणि तेही गर्डर मूळ बांधकामातलाच असेल तर.

कॉलनीतल्या सगळ्या क्वार्टरचं मोजमाप घेत बसू नका. प्रत्येक टाइपचा सर्वांत कमी बदललेला एक निवडा, त्याचं पूर्ण मोजमाप घ्या, बाकीचे किती आहेत तेवढंच लिहा. दोन माणसं आणि 30 मीटरचा टेप पुरतो. प्रत्येक खोलीचे दोन्ही कर्ण घ्याच. 3.00 बाय 3.60 मीटरच्या खोलीचा कर्ण 4.69 यायला हवा. दोन कर्णांत फरक पडला तर खोली काटकोनात नाही आणि कागदावर भिंती जुळणार नाहीत. भिंतीची जाडी दाराच्या गाळ्यात मोजा, आणि प्लास्टर धरून की सोडून, ते लिहा. मागचं न्हाणीघर, पत्र्याची पडवी ही राहणाऱ्यांनी जोडलेली भर वेगळ्या रंगाने दाखवा. गाळू नका, कुटुंब कसं वाढलं ते तिथेच दिसतं.

हाजरीघर, लॅम्प रूम (कामगारांचे दिवे ठेवायची खोली), कँटीन, डिस्पेन्सरी यांची जागा खदानीच्या तोंडापासूनच्या अंतरासह नोंदवा. पाळणाघर असेल तर त्याला पूर्ण पान द्या. कायद्याने बायकांना भूमिगत कामाला मनाई होती, पण वर त्या राबत होत्या, याचा तो पक्का पुरावा आहे.

भेगा दिसल्या की ‘खदानीमुळे’ असं लगेच लिहू नका. इथली काळी माती उन्हाळ्यात आक्रसते, पावसात फुगते. भेगेच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलीने खुणा करून मे आणि ऑगस्टमध्ये अंतर मोजा. पावसाळ्यात ते कमी झालं तर बहुधा मातीचा खेळ आहे. भेग एका रेषेत अनेक क्वार्टर आणि मधली जमीनही चिरत गेली असेल, तर खाली कोळसा काढून राहिलेल्या पोकळीचा संशय घ्या. अशा घरात शिरू नका, एरिया ऑफिसला कळवा.

क्वार्टर नंबर कधीकधी बदललेले असतात. निवृत्त कामगार जुना नंबर सांगतील, भिंतीवर नवा असेल. दोन्ही एकाच ओळीत लिहा.