ढाल्या आवाजाच्या मुलीने ऑपेराकडे वळायचे तर: बेळगावातून मेझो-सोप्रानोची तयारी

बोलण्याचा आवाज जाड म्हणून जिला समूहगीतात कायम खालच्या सुरांवर उभे करतात, ती मुलगी मेझो-सोप्रानो, म्हणजे ऑपेरातला मधल्या उंचीचा स्त्री-आवाज (सगळ्यांत उंच तो सोप्रानो), असू शकते. पण बोलण्यावरून गाण्याच्या आवाजाचा प्रकार ठरत नाही. तो ठरतो आवाज कुठल्या सुरांवर तासभर न थकता राहतो, त्याचे सांधे (छातीचा आवाज सुटून वरचा आवाज सुरू होतो त्या जागा) कुठे येतात आणि त्याचा रंग कसा आहे यावरून. विशीच्या आत शिक्का मारून घेण्याची घाई करू नका. समूहात वर्षानुवर्षे खालचाच सूर धरलेल्या मुलीचा वरचा गळा तयारच होत नाही, आणि पुढे नेमके तिथेच अडते.

मेझोचा पल्ला पेटीवर मांडून पाहा. काळी पाचला सा धरला, तर ऑपेरातली मेझो साधारण मंद्र निषादापासून तार निषादापर्यंत गाते, म्हणजे दोन सप्तके. खर्जाकडे नवे काही नाही. ख्याल शिकलेली मुलगी मंद्र पंचमापर्यंत रोज जाते. कस लागतो वरच्या बाजूला. आपल्याकडे बहुतेक गाणे तार गंधार-मध्यमावर, फार तर पंचमावर थांबते. इथे त्याच्याही वर जायचे, आणि तेही माइकशिवाय, साठ-सत्तर वाद्यांच्या पलीकडे.

या पट्टीत आवाजाचे सांधे दोनदा येतात: मध्य सप्तकात मध्यम-पंचमाच्या आसपास आणि पुन्हा तार सप्तकात त्याच जागी. हिंदुस्थानी गायकीत छातीचा आवाज पहिला सांधा ओलांडून तार षड्जापर्यंत नेतात आणि तिथे ते शोभतेही. ऑपेरात तेच केले तर दुसऱ्या सांध्यावर आवाज फाटतो. म्हणून रियाज वरून खाली करा. 'ऊ' या स्वरावर, हलक्या आवाजात, तार रे-सा-नी-ध-प. आवाजाचा पातळपणा पंचमापर्यंत तसाच आणायचा, मध्येच जाड करायचा नाही. हे आठवडाभर जमले की आरंभ एकेका पट्टीने वर सरकवा. रियाजाची वीस मिनिटांची तीन सत्रे पुरतात. सलग तास नको. सुरुवातीला अर्ध्या पेला पाण्यात स्ट्रॉ दोन बोटे बुडवून पाच मिनिटे सूर फुंका. बुडबुडे एकसारखे आले म्हणजे श्वास सारखा जातो आहे.

सगळ्यांत जास्त दिसणारी चूक म्हणजे मेझो वाटावे म्हणून आवाज मुद्दाम काळवंडवणे. जिभेचे मूळ मागे ओढले की गाणाऱ्याला स्वतःच्या कानात आवाज भारदस्त वाटतो, पण तिसऱ्या रांगेत तो पोचत नाही. वाद्यवृंदावरून आवाज पलीकडे नेणारी ताकद साधारण २५०० ते ३५०० हर्ट्झच्या पट्ट्यात असते. जीभ मागे गेली की नेमका तोच पट्टा विझतो. हनुवटीखाली अंगठा ठेवून गा. तिथे कडक गोळा लागला तर थांबा.

तानपुऱ्यावर घडलेल्या कानाची एक अडचण वेगळी आहे. तानपुऱ्यातून ऐकू येणारा शुद्ध गंधार पियानोच्या गंधारापेक्षा थोडा खाली असतो: लगतच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचे १०० भाग केले तर सुमारे १४ भागांनी. त्यामुळे सुरेल मुलगीसुद्धा पियानोवर 'उतरलेली' ठरते. एक दिवस तानपुरा, एक दिवस पियानो असा रियाज ठेवा, दोन्ही कान राहतात. सरगम सोडू नका. नोटेशन वाचताना तीच कामी येते. मात्र ऑपेरात चीज रंगात आली असताना सा दुसरीकडे सरकतो, ती जागा कागदावर पेन्सिलीने खूण करून ठेवा.

भाषेत सीमाभागातली मुलगी आधीच पुढे आहे. कन्नडमध्ये गुळाला 'बेल्ल' म्हणतात. त्यातला ऱ्हस्व ए आणि दाबून धरलेला ल इटालियन 'बेल्ला'त जवळजवळ तसाच येतो. कन्नडमध्ये 'हत्तु' (दहा) म्हणणाऱ्या तोंडाला 'नोत्ते' शिकवावे लागत नाही. 'ग्रात्सिए'तला त्स म्हणजे चांदण्यातला आपला च. फक्त इंग्रजी शाळेच्या सवयीने 'टुट्टी' म्हणू नका. इटालियन त दाताला जीभ लावूनच येतो. खरी मेहनत जर्मन आणि फ्रेंचला लागते, ती दहावीनंतर लगेच सुरू करा.

शिकायला जवळची वाट गोव्याची. पणजीच्या कला अकादमीत पाश्चात्त्य संगीताचा विभाग आहे, चोर्ला घाटावरून तीन-साडेतीन तास. पावसाळ्यात घाट बेभरवशाचा, तेव्हा शिकवणी ऑनलाइन ठेवा आणि प्रत्यक्ष जाणे नोव्हेंबर ते मे. ग्रेड परीक्षांत एबीआरएसएम या ब्रिटिश परीक्षा मंडळाच्या सहाव्या ग्रेडआधी पाचव्या ग्रेडची थिअरी लागते हे अनेकांना उशिरा कळते. मुंबईत एनसीपीए या कलाकेंद्राचा सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया २००६पासून आहे. तिथले प्रयोग बसून ऐका, रेकॉर्डिंगवरून आवाजाचे आकारमान कळत नाही. परदेशी शिकायचे तर ब्रिटनमधल्या बहुतेक संगीत महाविद्यालयांचे अर्ज आदल्या ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच बंद होतात. जर्मनीत सरकारी शिक्षण स्वस्त, पण बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सहामाहीला १५०० युरो.

गाण्यांचा क्रम असा धरा: आधी काल्दाराचे 'सेब्बेन, क्रुदेले', मग ग्लुकच्या 'ऑर्फेओ' या ऑपेरातले (१७६२) युरिडिसीसाठीचे विलापगीत, मग मोत्सार्टच्या 'फिगारो'तला (१७८६) केरुबीनो. 'कार्मेन' (१८७५) सगळ्यांना लवकर हवी असते; तिचे 'हाबानेरा' हे गाणे सुरांनी सोपे आहे, पण पूर्ण भूमिका पंचविशीच्या आत नको. वर्दीच्या अम्नेरिस आणि अझुचेना या भूमिका तिशीनंतर.

केरुबीनो, हान्सेल, ऑक्टाव्हियन, ऑर्लोफ्स्की हे सगळे पुरुष मेझो गाते. ज्या मराठी रसिकांनी बालगंधर्वांना नायिका म्हणून डोक्यावर घेतले त्यांना यात नवल नाही, आणि संगीत नाटकाच्या अण्णासाहेब किर्लोस्करांचे गुर्लहोसूर तर आपल्याच जिल्ह्यातले. चालणे, बसणे, तलवार धरणे हे आरशासमोर वेगळे शिका. नायिकेच्या बहुतेक भूमिका सोप्रानोकडे जातात. मेझोचे पोट भरते ते मुलगे, आया, दासी, चेटकिणी, शिवाय हँडेलच्या 'मसाया'तली आल्टोची (खालच्या स्त्री-आवाजाची) गाणी आणि चर्चमधली कामे यांवर. जर्मन नाट्यगृहात पगारी नोकरी मिळाली तर हे सगळे एकाच हंगामात करावे लागते. म्हणून नाटकात काम करा, कॅम्पातल्या चर्चच्या समूहात गा, कुठलेही लहान काम नाकारू नका.

ऑडिशनला पाच गाणी लागतात, निदान तीन भाषांतली, आणि त्यांत एक मुलग्याचे. पहिले गाणे तुम्ही निवडता, दुसरे परीक्षक, त्यामुळे यादीत कच्चे गाणे ठेवू नका. रोसीनीच्या 'बार्बर'मधले (१८१६) रोझिनाचे गाणे ठेवणार असाल तर प्रत नीट पाहून घ्या. मूळ मेझोसाठीचे ते ई मेजर या पट्टीत आहे, पण सोप्रानोसाठी एफमध्ये चढवलेली प्रतही सर्रास मिळते. पहिल्या ओळीच्या सुरुवातीला चार शार्प (♯) मोजा. एकच फ्लॅट (♭) दिसला तर ती प्रत वादकासमोर ठेवू नका.